भूक लागली, पण कळली नाही

दुपारचे चार वाजले तरी डबा उघडलेला नसतो. पाचच्या सुमाराला डोकं भणभणतं, हात थरथरतात, साध्या प्रश्नावरही आवाज चढतो. भूक लागली नव्हती असं नाही. ती जाणवलीच नव्हती. ऑटिझम किंवा एडीएचडी असलेल्या अनेक प्रौढांचे दिवस असे जातात. लघवी लागल्याचं अगदी शेवटच्या क्षणी कळतं, संध्याकाळपर्यंत पाण्याचा घोटही घेतलेला नसतो, थकवा एकदम अंगावर कोसळतो. चाळिशीच्या माणसाने हे कोणाला सांगायचं? लाजेपोटी सांगितलं जात नाही आणि घरचे ‘स्वतःकडे लक्षच नाही’ म्हणून मोकळे होतात.

शरीराच्या आत काय चाललंय याची मेंदूला होणारी जाणीव म्हणजे इंटरोसेप्शन. ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ चार्ल्स शेरिंग्टन यांनी 1906 मध्येच या आतल्या संवेदनांचा वेगळा गट मांडला होता. हृदय, जठर, मूत्राशय यांच्याकडून निघालेले संकेत मेंदूतल्या इन्सुला या भागात पोचतात आणि तिथे त्यांचा अर्थ लागू लागतो.

ब्रिटनमध्ये सारा गार्फिंकेल आणि सहकाऱ्यांनी 2016 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. नाडीला हात न लावता आपल्या हृदयाचे ठोके मोजा, असं त्यांनी ऑटिस्टिक आणि इतर प्रौढांना सांगितलं. ऑटिस्टिक गटाची मोजणी कमी अचूक निघाली. मात्र आपल्याला शरीरातली हालचाल खूप जाणवते, असं याच गटाने प्रश्नावलीत जास्त नोंदवलं. ही तफावत जितकी मोठी, तितकी चिंता अधिक. मला हा निष्कर्ष फार महत्त्वाचा वाटतो. आत काहीतरी होतंय एवढं कळतं, पण ती भूक आहे, भीती आहे की नुसता दमलेपणा, हे कळत नाही. प्रयोग छोटा होता आणि ठोक्यांचा निकाल पुढच्या प्रत्येक अभ्यासात तसाच आला नाही. तरी 2019 मधल्या एका एकत्रित विश्लेषणात सुमारे निम्म्या ऑटिस्टिक व्यक्तींना स्वतःच्या भावना ओळखणं अवघड जात असल्याचं दिसलं. इतरांमध्ये हे प्रमाण 5 टक्क्यांच्या आसपास होतं.

एडीएचडीत अडचण थोडी वेगळी असते. मन एखाद्या कामात रुतलं की पोटाची हाक मागे पडते. त्यात मिथाइलफेनिडेट हे औषध चालू असेल तर त्यानेही भूक मंदावते. झोपेचं दुखणं आणखी निराळं. एडीएचडीमुळे लवकर झोप न लागणाऱ्या प्रौढांमध्ये मेलाटोनिन हे संप्रेरक साधारण दीड तास उशिरा वाढू लागतं, असं संशोधनात आढळलं आहे. रात्री एकपर्यंत जागणाऱ्याला ‘मोबाइल ठेव आधी’ म्हणून रागावण्यापूर्वी हे ध्यानात घ्यायला हवं.

ज्यांना ऑटिझम आणि एडीएचडी दोन्ही आहे, त्यांच्यावर तर दुहेरी अन्याय झाला. 2013 पर्यंत अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या नियमावलीनुसार ही दोन निदानं एका व्यक्तीला एकत्र देता येत नव्हती. म्हणजे आज तिशी-चाळिशीत असलेल्यांपैकी ज्यांचं बालपणी निदान झालं, त्यांनाही अर्धंच उत्तर मिळालं. आपल्या 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत ऑटिझम आहे, एडीएचडीचं स्वतंत्र नाव नाही. ते असायला हवं.

तोवर घड्याळाचा आधार घ्यावा. जेवणाचा, पाण्याचा, स्वच्छतागृहात जाण्याचा गजर लावणं हे लाड नव्हेत. कमी दिसणाऱ्याने चष्मा लावावा तसंच ते आहे. कार्यालयातल्या वरिष्ठांनी ठरलेल्या वेळी जेवणाची सुट्टी सक्तीने द्यावी, ती वेळ बैठकीत खाऊ नये. आणि घरात असं कोणी असेल तर ‘भूक लागली की सांग’ म्हणू नका. वेळ झाली की ताट वाढा आणि जेवायला बोलवा.