आधी गोष्ट, मग निबंध

दक्षिणेत महिलारोप्य नावाचं एक नगर होतं. तिथे अमरशक्ती नावाचा राजा राज्य करायचा. राजा मोठा गुणी आणि उदार, पण त्याचे तिन्ही मुलगे? पुस्तक दिसलं की पळ काढणारे! राजाला रात्रंदिवस एकच काळजी, या पोरांचं व्हायचं कसं? दरबारातल्या पंडितांनी हिशेब मांडला : नुसतं व्याकरण शिकायला बारा वर्षं, मग धर्मशास्त्र, मग अर्थशास्त्र... तेवढ्यात विष्णुशर्मा नावाचा ऐंशी वर्षांचा एक म्हातारा पुढे आला. म्हणाला, "महाराज, मला सहा महिने द्या. तेवढ्यात ही मुलं राजनीतीत तरबेज झाली नाहीत, तर मी माझं नाव टाकून देईन."

आता इथे जरा थांबा. खरं सांगा मुलांनो, पुढे काय झालं ते ऐकावंसं वाटलं की नाही? वास्तविक तुम्ही आज वाचायला बसला आहात तो निबंधावरचा लेख. 'निबंधाची सुरुवात आकर्षक असावी' असं पहिलंच वाक्य मी लिहिलं असतं, तर तुमच्यातल्या निम्म्या मंडळींनी पान उलटून शब्दकोडं गाठलं असतं!

ही गोष्ट 'पंचतंत्रा'च्या अगदी सुरुवातीची. हे पुस्तक इतकं जुनं, की सहाव्या शतकातच ते इराणात पोचलं आणि तिथल्या पहलवी भाषेत उतरलं. आठव्या शतकात त्यावरून अरबीत 'कलिला व दिम्ना' तयार झालं. खरं म्हणजे त्याचा विषय आहे राजनीती. मित्र कसे जोडावे, शत्रू कसा ओळखावा, हातचं कसं राखावं. विषय तसा रुक्षच. पण विष्णुशर्म्यानं आधी तीन आळशी राजपुत्र समोर आणून बसवले आणि आपल्याला कामाला लावलं. पुढे सिंह येतो, कोल्हा येतो, कावळा येतो, माकड येतं. ते सगळे कशासाठी आले आहेत हे आपल्याला माहीत असतं. त्या तिघांना सहा महिन्यांत शहाणं करायचं आहे, म्हणून! पहिली गोष्ट काढून टाका, बाकीच्या गोष्टी माळ तुटल्यासारख्या घरभर होतील.

निबंधाच्या सुरुवातीला गोष्ट घालायची, ती अशी. तिच्यावाचून पुढचं अडलं पाहिजे.

तुम्ही म्हणाल, आमचे कीर्तनकार बुवा तर आधी गोष्ट सांगत नाहीत! बरोबर आहे. नारदीय कीर्तनात आधी पूर्वरंग, म्हणजे अभंगाचं निरूपण; आख्यान येतं ते नंतर, उत्तररंगात. पण कीर्तन ऐकणारी मंडळी मांडी ठोकून निवांत बसलेली असतात. आख्यान येणार हे त्यांना ठाऊक असतं, त्यामुळे ती कुठेही जात नाहीत. तुमचा निबंध वाचणाऱ्या बाईंचं तसं आहे का? त्यांच्यापुढे वह्यांचा हा एवढा गठ्ठा, घड्याळात रात्रीचे दहा, आणि प्रत्येक वहीत तोच विषय. त्यांना पूर्वरंगात बसवून ठेवायची सोय नाही.

आता एक फार जुनी आणि अस्सल मराठी गंमत सांगतो. तेराव्या शतकात चक्रधरस्वामी आपल्या शिष्यांना छोट्या छोट्या गोष्टींतून शिकवत. पुढे केसोबासांनी त्या गोळा केल्या. त्या ग्रंथाचं नाव 'दृष्टान्तपाठ', आणि त्यात ११४ दृष्टान्त आहेत. त्याची मांडणी मोठी पाहण्यासारखी आहे. प्रत्येकाचे तीन भाग. पहिलं सूत्र, म्हणजे सांगायचा मुद्दा. मग दृष्टान्त, म्हणजे गोष्ट. आणि मग दार्ष्टान्तिक. हा शब्द जिभेला जड आहे खरा, पण अर्थ सोपा : या गोष्टीचा त्या मुद्द्याशी संबंध काय, ते सांगणारी दोन वाक्यं.

आंधळे आणि हत्ती यांची गोष्ट तुम्हाला पाठच असेल. पाय चाचपणारा म्हणतो हत्ती खांबासारखा, कान चाचपणारा म्हणतो सुपासारखा. ही गोष्ट दृष्टान्तपाठात आहे, त्याच्याही कितीतरी आधी बौद्धांच्या 'उदान' या ग्रंथात आहे आणि जैन मंडळीही ती सांगतात. बुद्धांनी ती सांगितली ती आपापल्या मतावरून हमरीतुमरीवर आलेल्या पंथांना उद्देशून. जैन ती सांगतात ते, एकाच वस्तूला अनेक बाजू असतात हे पटवायला. हत्ती तोच, आंधळे तेच. जोड वेगळी, म्हणून मुद्दा वेगळा.

मुलांच्या निबंधात हाच तिसरा भाग नेमका गळतो. गोष्ट झकास सांगितलेली असते. मग एक ओळ मोकळी, आणि पुढे एकदम 'आजच्या विज्ञानयुगात...' सुरू! गोष्ट बिचारी फलाटावर उभी आणि गाडी पुढे निघून गेलेली.

गाडीवरून आठवलं. 'एस.टी.' हाच विषय घेऊ या. निबंधाच्या तीन सुरुवाती बघा. पहिली ही :

'प्राचीन काळी मनुष्य पायी प्रवास करीत असे. पुढे चाकाचा शोध लागला. नंतर बैलगाडी आली. आजच्या धकाधकीच्या जीवनात एस.टी.ला अनन्यसाधारण महत्त्व आहे.'

चाकाचा शोध लागून बैलगाडी येईपर्यंत बाईंचा चहा गार झाला! शिवाय 'अनन्यसाधारण' हा शब्द तुम्ही आजवर तोंडानं कधी उच्चारलाय का? मग तो वहीत आला कुठून, हे बाईंना लगेच कळतं. आता दुसरी :

'१ जून १९४८. तेव्हाच्या अहमदनगरहून एक बस पुण्याला निघाली. आपल्या एस.टी.ची ती पहिली फेरी.'

ही पुष्कळ बरी. तारीख आहे, गाव आहे, काहीतरी निघालं आहे. 'तेव्हाच्या' हा शब्दही बरोबर पडलाय, कारण त्या गावाचं नाव आता अहिल्यानगर आहे. पण ही अजून बातमी झाली. गोष्ट व्हायला तिच्यात एखादं माणूस हवं. तिसरी सुरुवात मी तुमच्यासाठी रचली आहे, आणि एका खेड्यातली मुलगी ती लिहितेय असं धरा :

'आमच्या गावात रात्री साडेनऊला मुक्कामी गाडी येते आणि सकाळी सहाला परत सुटते. मागच्या पावसाळ्यात ओढ्याला पूर आला आणि ती आलीच नाही. सकाळी सगळे नेहमीसारखे पारापाशी जमले. दुधाचे कॅन घेतलेले तात्या, दवाखान्यात निघालेली शेवंताआजी आणि आम्ही दहावीचे तिघं. सात वाजले. कोणी कोणाशी बोलेना. शेवटी पाणी ओसरल्यावर तात्यांनी दोन्ही कॅन उचलले आणि ते फाट्याकडे चालायला लागले.'

बास. गोष्ट इथे संपली. आता जोड लावायची. 'अशा प्रकारे एस.टी.चे महत्त्व आपल्याला दिसून येते' अशी जोड लावलीत तर सगळी मेहनत त्या ओढ्यात गेली! त्याऐवजी बघा :

'फाटा सहा किलोमीटरवर आहे. एस.टी. आमचे हे सहा किलोमीटर रोज उचलते, हे मला त्या सकाळी कळलं.'

या दोन वाक्यांत ती मुलगी पारावरून निघून थेट विषयात शिरली. आणि पुढचे परिच्छेद तिला शोधावेसुद्धा लागणार नाहीत. तात्यांच्या कॅनमधून दूध आणि शेतमालाचा परिच्छेद निघेल. शेवंताआजीमुळे दवाखाना येईल. दहावीच्या तिघांकडून शाळेचा पास, परीक्षा, पुढचं शिक्षण. म्हणजे माणसं निवडतानाच अर्धा निबंध ठरला. पारापाशी एखादा कुत्राही बसलेला असेल, पण पुढे त्याचं काम नाही, म्हणून त्याला गोष्टीत घेतलं नाही.

किती लांब असावी ही गोष्ट? दीडशे शब्दांच्या निबंधाला तीस-चाळीस शब्द पुरे. वर मी लिहिली ती साठ शब्दांच्या आसपास आहे, तेव्हा तिला मोठा निबंध हवा. लहान निबंधासाठी पहिली दोन वाक्यं आणि शेवटचं वाक्य एवढंच ठेवून बघा. चालतं! गोष्टीत शक्यतो एकच दिवस, एकच जागा. 'लहानपणी तो फार गरीब होता, मग मोठा झाला, मग परदेशी गेला' याला गोष्ट नाही, चरित्र म्हणतात.

आता जरा नाजूक मुद्दा. १ ऑगस्टला लोकमान्य टिळकांची पुण्यतिथी असते. भाषणांना सुरुवात होते आणि एकामागून एक मुलं तीच शेंगांची गोष्ट घेऊन येतात. पाचव्या भाषणापर्यंत व्यासपीठावर टरफलांचा ढीग झालेला असतो! गोष्ट वाईट आहे असं नाही. पण सगळ्यांना शेवट माहीत असलेल्या गोष्टीला सुरुवातीला बसवून काय मिळणार? त्याच लोकमान्यांनी मंडालेच्या तुरुंगात 'गीतारहस्य' पेन्सिलीनं लिहून काढलं. १९१४ साली ते सुटून आले, तेव्हा त्या लिहिलेल्या वह्या काही काळ सरकारकडेच राहिल्या होत्या. माणूस घरी, वह्या सरकारजमा! तेवढे दिवस त्यांच्या मनाचं काय झालं असेल, या एका प्रश्नावर तुमचं भाषण उभं राहील. पण तो प्रश्न म्हणूनच विचारा बरं का. त्यांच्या तोंडी आपली वाक्यं घालू नका.

कारण मोठ्या माणसांच्या नावावर वाटेल ते खपवायची आपल्याकडे फार सवय आहे. न्यूटनच्या डोक्यावर सफरचंद पडलं आणि त्याला गुरुत्वाकर्षण सापडलं, हे तुम्ही हजारदा ऐकलं असेल. मूळ हकिगत अशी आहे. १५ एप्रिल १७२६ रोजी विल्यम स्ट्यूकली नावाचा त्याचा तरुण मित्र लंडनजवळ केन्सिंग्टनला त्याच्याकडे जेवायला गेला. जेवण झाल्यावर दोघं बागेत सफरचंदाच्या झाडांखाली चहा पीत बसले. न्यूटन तेव्हा ८३ वर्षांचा. तो सहज म्हणाला, की तरुणपणी गुरुत्वाकर्षणाचा विचार मनात आला तेव्हाही मी असाच बसलो होतो, आणि एक सफरचंद पडलं. ते नेहमी सरळ खालीच का पडतं, आडवं का जात नाही, असा त्याला प्रश्न पडला. स्ट्यूकलीनं हे लिहून ठेवलं. त्यात डोक्यावर टेंगूळ कुठेच नाही! आता सांगा, टेंगळाची गोष्ट चांगली, की साठ वर्षांनी झाडाखाली चहा पिताना म्हाताऱ्याला आठवलेलं ते सफरचंद?

मग रचलेली गोष्ट घालूच नये का? घाला की. 'समजा' म्हणून सुरू करा, नाहीतर राजा, शेतकरी, चिमणी यांच्यावर खुशाल रचा. चिमणीची काही तक्रार नसते. पण खऱ्या माणसाचं नाव घेतलंत की गोष्टही खरी हवी. कुठे वाचली ते सांगता आलं पाहिजे. नाही आलं, तर ती सोडा.

इथे आई-बाबांशीही थोडं बोलायचं आहे. मूल निबंध लिहायला बसलं, की आपल्याला राहवत नाही. 'लिही, मी सांगतो' म्हणून आपण सुरू करतो. मग चौथीतल्या मुलाच्या वहीत चाळिशीतल्या माणसाच्या आठवणी उतरतात, आणि पुढच्या वेळी ते मूल पेन्सिल हातात धरून तुमच्या तोंडाकडे बघत बसतं. त्याच्या शर्टच्या खिशात, शाळेच्या वाटेवर, आजीच्या डब्यात पुष्कळ गोष्टी असतात. फक्त त्या लिहिण्याजोग्या आहेत असं त्याला कोणी सांगितलेलं नसतं. त्यापेक्षा त्याला विचारा : 'मग काय झालं? तेव्हा तुझ्या हातात काय होतं? आधी कोण बोललं?' एवढं विचारून स्वयंपाकघरात निघून जा. विकतच्या निबंधमालेतली गोष्ट उतरवून घेतली की फार तर चार गुण मिळतील, पण तीच गोष्ट शेजारच्या बाकावरच्या वहीतही असेल.

आणि हो, सगळीकडेच गोष्ट नको! मुख्याध्यापकांना रजेचा अर्ज लिहिताना 'आटपाट नगर होतं' असं सुरू केलंत, तर रजा मिळणार नाही, वर पालकांना बोलावणं जाईल. प्रयोगवहीत नको, सारांशलेखनात तर नकोच. ज्या विषयावर तुमच्याजवळ सांगण्याजोगं खरंच काही नाही, तिथेही ओढूनताणून आणू नका. सरळ मुद्द्याला हात घाला. तेही चांगलं दिसतं.

चला, आता वही काढा. विषय : 'आमच्या गल्लीतलं दुकान'. दुकानात कोणी येतं, काहीतरी मागतं आणि ते मिळत नाही, किंवा भलतंच मिळतं. तुम्ही पाहिलेलं असं काहीतरी पाचच वाक्यांत लिहा. खाली जोडीची दोन वाक्यं लिहा. मग हाताच्या पंज्यानं ती दोन झाका आणि वही भावाला, बहिणीला, नाहीतर बाकावरच्या मैत्रिणीला वाचायला द्या. 'कसं झालंय?' असं विचारू नका, सगळे 'छान' म्हणतात. नुसतं बघत राहा. तुमचा हात बाजूला सारून ती पुढचं वाचायला लागली, तर निबंध पुरा करायला घ्या.