कार्यालयीन संगणकांवरील निर्बंध

कार्यालयीन संगणकांवरील निर्बंध म्हणजे संस्थेने कर्मचाऱ्यांना दिलेल्या संगणकांच्या वापरावर घातलेल्या तांत्रिक व प्रशासकीय मर्यादा होत. नवे सॉफ्टवेअर बसवण्यास मनाई, ठरावीक संकेतस्थळे व पेनड्राइव्ह यांवर बंदी, परवलीचा शब्द मुदतीने बदलण्याची सक्ती आणि वापराची नोंद ठेवणे हे त्यांचे नेहमीचे प्रकार आहेत. नियम व्यवस्थापन मंजूर करते, ते माहिती तंत्रज्ञान विभाग राबवतो आणि त्यांची झळ इतर कर्मचाऱ्यांच्या रोजच्या कामाला बसते. संगणकात विषाणू शिरल्यास तंत्रज्ञांना जाब विचारला जातो, तर काम रखडल्यास कर्मचाऱ्याला. या दोन जबाबदाऱ्यांतील विरोध हेच वादाचे मूळ होय.

तात्त्विक आधार

जेरोम सॉल्टझर व मायकेल श्रोडर यांनी १९७५ मध्ये संगणकीय माहितीच्या संरक्षणाची तत्त्वे मांडली. त्यांपैकी ‘किमान अधिकार’ या तत्त्वानुसार वापरकर्त्याला कामापुरतेच अधिकार मिळावेत. त्याच यादीत संरक्षणाची यंत्रणा वापरण्यास सोपी असावी, म्हणजे ती सहजपणे पाळली जाईल, असेही एक तत्त्व होते. कार्यालयांनी पहिले तत्त्व उचलले. दुसरे बराच काळ उपेक्षित राहिले.

परवलीच्या शब्दांचा वाद

ॲन ॲडम्स व अँजेला सॅसी यांचा ‘वापरकर्ते शत्रू नव्हेत’ अशा अर्थाच्या शीर्षकाचा शोधनिबंध १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. अनेक परवलीचे शब्द लक्षात ठेवण्याची व ते वारंवार बदलण्याची सक्ती झाल्यावर कर्मचारी ते कागदावर लिहून ठेवतात किंवा जुन्याच शब्दापुढील आकडा वाढवतात, असे त्यात आढळले. सुरक्षा विभाग कर्मचाऱ्यांना धोक्याची पुरेशी कल्पना देत नसल्याने नियम निरर्थक वाटतात, हा त्यांचा निष्कर्ष अधिक महत्त्वाचा होता. धोरणे बदलण्यास मात्र जवळपास दोन दशके लागली. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानके व तंत्रज्ञान संस्थेने २०१७ मध्ये मुदतीने शब्द बदलण्याची सक्ती करू नये, तो फुटल्याचा पुरावा असेल तेव्हाच बदलावा, अशी सूचना केली. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टनेही विंडोजच्या शिफारशींतून ही अट वगळली.

याचा अर्थ सर्वच निर्बंध अनाठायी असतात असा नाही. २०१० मध्ये उघडकीस आलेला स्टक्सनेट हा विषाणू पेनड्राइव्हमार्फत इंटरनेटला न जोडलेल्या संगणकांपर्यंतही पोहोचू शकत असे. परंतु पेनड्राइव्ह बंद करताना धारिका पाठवण्याचा दुसरा सोयीचा मार्ग न दिल्यास कर्मचारी खासगी ईमेल वा व्हॉट्सॲपकडे वळतात आणि माहिती संस्थेच्या नजरेबाहेर जाते.

देखरेख व कायदा

रुमानियातील एका अभियंत्याला कार्यालयीन याहू मेसेंजरच्या खासगी वापरावरून २००७ मध्ये कामावरून काढण्यात आले. ‘बार्बुलेस्कू विरुद्ध रुमानिया’ या खटल्यात युरोपीय मानवी हक्क न्यायालयाच्या मोठ्या पीठाने ५ सप्टेंबर २०१७ रोजी ११ विरुद्ध ६ मतांनी त्याच्या खासगी जीवनाच्या हक्काचा भंग झाल्याचा निर्णय दिला. देखरेख सरसकट अवैध ठरली नाही. तिच्या स्वरूपाची व व्याप्तीची पूर्वसूचना कर्मचाऱ्याला मिळाली होती का, हा मुद्दा कळीचा ठरला.

भारतात माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ४३ नुसार मालकाच्या किंवा प्रभारी व्यक्तीच्या परवानगीविना संगणकातून माहिती उतरवून घेणाऱ्यावर भरपाईचे दायित्व येते. हेच कृत्य अप्रामाणिकपणे वा कपटाने केल्यास कलम ६६ नुसार तो गुन्हा ठरतो.