मध्यस्थाची दलाली, स्वतंत्र व्यवसायातील

स्वतंत्र व्यावसायिकास काम मिळवून दिल्याबद्दल मध्यस्थाला देण्यात येणारा मोबदला. अनुवादक, लेखक, चित्रकार, छायाचित्रकार इ. स्वतंत्र व्यावसायिक कोणाच्याही कायम नोकरीत नसल्याने त्यांना प्रत्येक काम नव्याने मिळवावे लागते. ग्राहकाला योग्य व्यावसायिक ठाऊक नसतो व व्यावसायिकाला गरजू ग्राहक. दोघांची गाठ घालून देण्यात मध्यस्थाचा वेळ, ओळखी व पत खर्ची पडतात. दलाली ही त्यांची किंमत होय. शेतमालाच्या अडतीहून ती भिन्न आहे. अडत्या माल विकून देतो व पैसे वसूल करतो. केवळ परिचय करून देणारा मध्यस्थ कामाच्या दर्जाची वा पैशांची हमी सामान्यतः घेत नाही.

प्रकार व दर : दलालीचा दर मध्यस्थाने उचललेल्या जबाबदारीवर अवलंबून असतो. लंडनमधील अलेक्झांडर पोलॉक वॉट (१८३४–१९१४) यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लेखकांचे प्रतिनिधी म्हणून व्यवसाय केला व लेखकाच्या प्राप्तीवर १० टक्के दलाली घेतली. प्रकाशकाशी अटी ठरविण्याचे कामही ते करीत. इंग्रजी प्रकाशनव्यवसायात हा दर पुढे सामान्यतः १५ टक्क्यांवर गेला. इंटरनेटवरील कार्यमंच हे मध्यस्थीचे अर्वाचीन रूप होय. ‘अपवर्क’ या अमेरिकन मंचाने २०१६ मध्ये एकाच ग्राहकाकडून मिळणाऱ्या पहिल्या ५०० डॉलरवर २० टक्के, त्यापुढे १०,००० डॉलरपर्यंत १० टक्के व नंतर ५ टक्के असा उतरता दर ठेवला. २०२३ मध्ये त्याऐवजी सरसकट १० टक्के दर आला व २०२५ मध्ये तोही बदलला. उतरत्या दराचे समर्थन असे करता येते की, परिचयाचे मूल्य प्रारंभी सर्वाधिक असते. पुढील काम व्यावसायिकाच्या गुणवत्तेमुळे मिळते.

कायदा व करार : मध्यस्थ एखाद्या पक्षाचा अभिकर्ता असल्यास त्यास भारतीय संविदा अधिनियम, १८७२ यातील तरतुदी लागू होतात. वेगळा करार नसेल, तर सोपविलेले कार्य पूर्ण होईपर्यंत अभिकर्त्याचा मोबदला देय होत नाही (कलम २१९); गैरवर्तन केल्यास त्या कामापुरता त्याचा हक्क नष्ट होतो (कलम २२०). तंटे बहुधा तोंडी व्यवहारांत उद्‌भवतात. म्हणून दलाली कोणी द्यावयाची, ती पहिल्याच कामावर की पुढील कामांवरही, किती मुदतीपर्यंत आणि ग्राहकाचे पैसे हाती येण्यापूर्वी की नंतर, हे लेखी ठरविणे हितावह असते. दलाली कोणत्या रकमेवर मोजावयाची, हेही महत्त्वाचे आहे. ४०,००० रुपयांच्या कामात छपाईचा खर्च १५,००० रुपये असल्यास १० टक्के दलाली एकूण रकमेवर ४,००० रुपये होते, तर व्यावसायिकाच्या स्वतःच्या २५,००० रुपयांवर ती २,५०० रुपयेच होते.

गुप्त दलाली : मालकासाठी खरेदी करणाऱ्या नोकराला विक्रेत्याने द्यावयाच्या रकमेस पूर्वी ‘दस्तुरी’ म्हणत. तिचा भार अखेर मालकावरच पडे. ग्राहकाला न कळविता घेतलेल्या दलालीचेही तसेच आहे. ग्राहक मध्यस्थाचा सल्ला निःपक्षपाती समजतो; प्रत्यक्षात मात्र अधिक दलाली देणाऱ्याची शिफारस होण्याचा संभव असतो. दलाली न देणारा कुशल व्यावसायिक मागे पडतो, तर देणारा ती आपल्या दरात मिळवितो वा कामात काटकसर करतो. दोन्ही पक्षांकडून दलाली घेताना ती दोघांनाही सांगणे म्हणूनच आवश्यक ठरते.

निषिद्ध क्षेत्रे : ज्या व्यवसायांत ग्राहकाला सल्ल्याची पारख करणे कठीण असते, तेथे अशी दलाली निषिद्ध आहे. वैद्यकीय आचारसंहितेच्या २००२ च्या विनियमांनुसार रुग्ण पाठविल्याबद्दल कमिशन देणे वा घेणे डॉक्टरांना वर्ज्य आहे. तरीही ‘कट प्रॅक्टिस’ चालू राहिल्याने महाराष्ट्र शासनाने २०१७ मध्ये तिच्या प्रतिबंधासाठी विधेयकाचा मसुदा तयार करविला. सनदी लेखापाल अधिनियम, १९४९ अन्वये लेखापालाने आपल्या शुल्कातील वाटा दलाली म्हणून बाहेरच्या व्यक्तीस देणे हे व्यावसायिक गैरवर्तन ठरते. वकिलांना पक्षकार मिळवून देणाऱ्या दलालांविरुद्धच्या तरतुदी १८७९ च्या विधिव्यवसायी अधिनियमात होत्या. त्या २०२३ च्या दुरुस्तीने अधिवक्ता अधिनियमात घेण्यात आल्या. अन्य व्यवसायांत दलाली वैध असली, तरी ती उघड असणे आणि प्रत्यक्ष केलेल्या सेवेच्या प्रमाणात असणे, यांवरच तिचे औचित्य अवलंबून असते.