बंद पडलेला रेसट्रॅक सुरू करून द्या, पण दर आधी ठरवा!



पनवेल, खांदा कॉलनी, कामोठे... इथल्या एखाद्या घराच्या माळ्यावर परदेशातून आणलेला स्लॉट कारचा जुना सेट पडून असू शकतो. खाचेतून धावणाऱ्या विजेच्या छोट्या गाड्या, तोच खेळ. स्केलेक्सट्रिक हे ब्रिटिश नाव १९५७ पासूनचं, जर्मनीची कॅरेरा १९६३ पासूनची. गाडी चालेना की घरचे म्हणतात, "मोटर जळली, द्या भंगारात." पण अनेकदा मोटर ठणठणीत असते, ट्रॅकच्या पट्ट्या काळ्या पडलेल्या असतात.

बिघाड नेमका कुठे?

आपली लोकल वरच्या तारेतून वीज घेते, ही गाडी खालून घेते. खाचेच्या दोन्ही बाजूंना धातूच्या पट्ट्या असतात आणि गाडीखालच्या तांब्याच्या जाळीदार पट्ट्या त्यांना घासत जातात. मध्ये गंज किंवा काजळी आली की वीज अडते. ट्रान्सफॉर्मरपासून लांबच्या वळणावर गाडी मंदावत असेल, तर आधी पट्ट्या आणि तुकड्यांचे जोड तपासा.

काम असं करा

१. प्लग काढा, ट्रॅकचे तुकडे सुटे करा, कोरड्या ब्रशने धूळ झाडा.
२. शाई खोडायच्या खरखरीत खोडरबरने पट्टी हलक्या हाताने घासा.
३. सुती कापडावर थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पुसा. ते पेट घेतं, म्हणून खिडकी उघडी ठेवा आणि पूर्ण वाळल्याशिवाय करंट देऊ नका.
४. जोडाच्या ढिल्या जिभा पक्कडीने अलगद घट्ट करा.
५. शिलाई मशीनच्या तेलाचा एकच थेंब कापडावर घेऊन पट्टीवर फिरवा आणि लगेच कोरडं पुसा. तेल राहिलं तर टायर घसरतात.

हे मात्र नको!

चिंच, लिंबू, पितांबरी हे देवघरातल्या समईसाठी. इथे पट्टी बहुतेक वेळा मुलामा दिलेल्या लोखंडाची किंवा पोलादाची असते. आंबट पाणी खाचेत राहिलं की गंज आणखी वाढतो. जाड सँडपेपरने मुलामा निघतो. आज पट्टी चकाचक दिसेल, पण पनवेलच्या पावसाळी दमट हवेत पुन्हा लाल होईल आणि गिऱ्हाईक तुमच्या दारात येईल. लोखंडी घासणीचे बारीक तंतू मोटरच्या चुंबकाला चिकटून शॉर्ट करतात, म्हणून तीही नको.

आता पैशाचं बोलू

समजा २४ तुकडे आहेत आणि प्रत्येकाला ५ मिनिटं लागतात. म्हणजे २ तास. तुमच्या तासाची किंमत २०० रुपये धरली तर मेहनत ४००, सामान ६०, ने-आण १००. खर्च झाला ५६०. त्यावर २५ टक्के, म्हणजे १४० नफा. दर ७०० रुपये. आकडे तुमचे तुम्ही घाला, पण आपली मेहनत फुकट धरू नका. "अहो, नुसतं पुसायचं तर आहे," असं कुणी म्हटलं तर त्यांच्यासमोर एक तुकडा साफ करून गाडी पळवून दाखवा. मग घासाघीस कमी होते.

सेट हातात घेताना फोटो काढा, तुकडे मोजा, गाडी वेगळी तपासा. मुलामा आधीच उडालेला असेल तर तिथेच सांगा, "दादा, हे सुरू होईल, पण नव्यासारखं दिसणार नाही." कुणाच्या लहानपणाची वस्तू तुमच्या हातात आहे, खोटा शब्द देऊ नका.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो. फक्त यावर घर चालेल असं समजून गाळा भाड्याने घेऊ नका. मोबाईल किंवा मिक्सर दुरुस्ती करत असाल, तर त्याला हे जोडकाम म्हणून उत्तम.

या आठवड्याचा गृहपाठ: सोसायटीच्या ग्रुपवर एकच मेसेज टाका, "जुना रेसट्रॅक बंद आहे का? तपासणी मोफत." किती जण विचारतात ते वहीत लिहा. गिऱ्हाईक आहे की नाही ते आधी बघा, सामानाची खरेदी नंतर.