रायपूर महत्त्वाचं की बिलासपूर?

छत्तीसगडमध्ये रेल्वेच्या कुठल्याही डब्यात हा वाद रंगू शकतो. २००० साली रायपूर नव्या राज्याची राजधानी झालं. बिलासपूरला २००३ पासून दक्षिण पूर्व मध्य रेल्वेचं मुख्यालय आहे. पण हे मानपान बाजूला ठेवून नुसतं रुळांच्या जाळ्याकडे पाहिलं तर? जाळ्यातल्या कुठल्या गाठीला किती महत्त्व, हे गणिताने मोजता येतं. गंमत अशी, की त्यासाठी एकच फूटपट्टी नाही!

सर्वांत सोपी पट्टी म्हणजे फाटे मोजायचे. रायपूरहून एक मार्ग दुर्ग-नागपूरकडे जातो, दुसरा बिलासपूरकडे, तिसरा महासमुंद-टिटलागडवरून विशाखापट्टणमकडे. बिलासपूरचे रायपूर, कटनी आणि चांपा-हावडा असे तीन. म्हणजे बरोबरी! धमतरीची छोटी गाडी धावत होती तेव्हा रायपूर एका फाट्याने पुढे होतं.

दुसरी पट्टी जवळिकीची. इतर सर्व ठिकाणांपासून सरासरी अंतर ज्याचं कमी, ते गाव मोठं. दवाखाना, गोदाम कुठे बांधावं हे ठरवताना हीच उपयोगी. मात्र अंतर नकाशावरचं नव्हे, जाळ्यातलं धरायचं. रायपूर-जगदलपूर रस्त्याने सुमारे ३०० किलोमीटर. तिथे रेल्वेने जायचं तर ओडिशातून टिटलागड, रायगडा, कोरापुट असा वळसा घालावा लागतो. एकाच राज्यातली ही दोन शहरं रुळांवर मात्र लांबची शेजारी.

तिसरी पट्टी मधलेपणाची. कुठूनही कुठेही जाताना जवळच्या वाटेवर हे ठिकाण किती वेळा लागतं? अमेरिकन समाजशास्त्रज्ञ लिंटन फ्रीमन यांनी १९७७ साली ती नीट मांडली, तीही माणसांसाठी. ती कळायला आपली नात्यागोत्यातली एखादी आत्या आठवावी. नागपूरच्या माणसांचा रायपूरच्या माणसांशी संबंध येतो तो तिच्यामार्फत. मोजक्याच घरी तिचं जाणंयेणं, पण सोयरिकीचा निरोप तिच्याकडूनच जायचा. ती रुसली की दोन्हीकडची बोलणी खुंटली!

रेल्वेत या मधलेपणाची किंमत २०१० साली कळली. २८ मेच्या पहाटे पश्चिम बंगालमध्ये झाडग्रामजवळ हावड्याहून मुंबईला निघालेली ज्ञानेश्वरी एक्सप्रेस रुळांवरून घसरली आणि समोरून आलेली मालगाडी तिच्यावर आदळली. १४०हून अधिक माणसं दगावली. त्यानंतर कित्येक महिने त्या टापूतून रात्रीच्या प्रवासी गाड्या सोडल्या जात नव्हत्या. झाडग्राम हे काही मोठं जंक्शन नव्हे. पण हावडा-नागपूर-मुंबई मार्गाचा धागा तिथूनच जातो. त्यामुळे जवळपास ७०० किलोमीटरवरच्या रायपूरच्या फलाटावर हावड्याच्या गाडीची वाट पाहणाऱ्यांचंही वेळापत्रक कोलमडलं.

आणि तिन्ही पट्ट्यांवर मागे पडणारं एक गाव याच भागात आहे, दल्ली राजहरा. दुर्गहून निघालेला फाटा कित्येक दशकं तिथेच संपायचा. म्हणजे फाटा एकच, सर्वांपासून लांब आणि मधलेपणा शून्य! पण १९५९ साली भिलाईची भट्टी पेटली ती इथल्या लोहखनिजावर. गाठी मोजणाऱ्याला रूळ दिसतात. वाघिणीत काय भरलंय, हे त्याला वेगळं विचारावं लागतं.