माईक बंद केला, पण उत्तर कुठे मिळालं?

मघाशी एका काकांनी विचारलं, अमेरिकेतल्या अध्यक्षीय वादचर्चेशी राळेगावचं काय देणंघेणं? आहे. आपल्याच जिल्ह्यात, आर्णी तालुक्यातल्या दाभडीत, 20 मार्च 2014 ला ‘चाय पे चर्चा’ झाली. शेतकऱ्यांनी प्रश्न विचारले, देशानं टीव्हीवर पाहिलं. चांगलंच झालं. पण उत्तर देणारे एकच होते; विरोधकांचं म्हणणं त्याच बैठकीत ऐकायची सोय नव्हती. दूरदर्शनवर मान्यताप्राप्त पक्षांना वेळ मिळतो, तिथंही जो तो आपापलं बोलून जातो.

मे 2024 मध्ये निवृत्त न्यायमूर्ती मदन लोकूर, अजित शहा आणि पत्रकार एन. राम यांनी नरेंद्र मोदी आणि राहुल गांधी यांना समोरासमोर चर्चेचं निमंत्रण दिलं. राहुल गांधींनी तयारी दाखवली, चर्चा मात्र झाली नाही.

समजा झाली असती, तर कशी व्हायला हवी होती? अमेरिकेत 1960 पासूनचा अनुभव आहे. 2020 च्या पहिल्या चर्चेत एकमेकांना बोलूच दिलं नाही. म्हणून 27 जून 2024 ला अटलांटात प्रेक्षक ठेवले नाहीत, आणि ज्याची पाळी नाही त्याचा माईक बंद. गोंगाट थांबला. पण दोन मिनिटं विषय सोडून बोलायलाही पुरतात की हो! (हशा)

म्हणजे माईकपेक्षा उपप्रश्न महत्त्वाचा. आपल्या विधानसभेत तारांकित प्रश्नावर उपप्रश्न विचारता येतो. मग टीव्हीवर का नको?

आता प्रश्न कसा असावा ते बघा. “शेतकऱ्यांसाठी काय करणार?” असं विचारलं, की भाषणच मिळणार. त्याऐवजी असं विचारा: 2024-25 मध्ये लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला 7521 रुपये होता. खरेदी केंद्र उघडायच्या आधीच ज्याला उधारी फेडायला कापूस विकावा लागतो, त्याला हा भाव कसा मिळेल? उत्तर गोलमोल आलं, तर निवेदकानं लगेच विचारावं: पैसा कुठून, अंमल कोण करणार, कोणत्या महिन्यापासून? मग तोच प्रश्न, त्याच शब्दांत, दुसऱ्या उमेदवाराला.

हे प्रश्न वाहिनीनं एकटीनं ठरवू नयेत. गावागावांतून लेखी मागवावेत, आणि कोणते घ्यायचे ते सगळ्या पक्षांच्या प्रतिनिधींसमोर चिठ्ठी काढून ठरवावं. उपप्रश्न मात्र निवेदकाचाच. तिथं चिठ्ठी चालत नाही, अभ्यास लागतो. आणि आमंत्रण देऊनही कोणी आलं नाही, तर त्याची खुर्ची रिकामी ठेवून चर्चा सुरू करावी.