परदेशाचे गुणपत्रक

अलिबागहून मुरूडच्या रस्त्याला लागले, की चौल-रेवदंडा मागे पडते. मग कुंडलिकेची खाडी ओलांडायची आणि कोर्लई, बोर्ली करीत काशीदच्या सुरूच्या बनाशी यायचे. ह्या किनाऱ्याला परदेश काही नवा नाही. इथली माणसे बोटीवर गेली, आखातात गेली. १९४८ नंतर ह्याच पट्ट्यातील बेने इस्राएल मंडळी मोठ्या संख्येने इस्रायलला जाऊन स्थायिक झाली. ह्या जाण्याच्या वाटा मात्र निरनिराळ्या होत्या. इस्रायलचे दार १९५० च्या तिथल्या कायद्याने जन्माच्या नात्यावर उघडत होते. आखाताचे दार मालकाच्या बोलावण्यावर उघडते. आज आपण बोलणार आहोत ते तिसऱ्या दाराविषयी. हे दार गुणांवर उघडते. तिथे जात-गोत विचारत नाहीत आणि ओळख-वशिलाही चालत नाही. वय, शिक्षण, भाषा, कामाचा अनुभव ह्यांना गुण देतात, त्यांची बेरीज करतात आणि बेरजेवर निकाल देतात.

ही पद्धत पहिल्यांदा सुरू केली कॅनडाने, १९६७ साली. त्याआधीचा काळ आठवला म्हणजे तिचे महत्त्व कळते. १९५१ साली भारत आणि कॅनडा ह्यांच्यात करार झाला, त्यात वर्षाला अवघ्या १५० भारतीयांना तिथे वसण्याची मुभा होती. १९५७ साली ती संख्या ३०० झाली. एवढ्या मोठ्या देशातून तीनशे माणसे! माणूस काय शिकला हे दुय्यम, तो कुठल्या देशाचा हे मुख्य, असा तो हिशेब. १९६२ साली कॅनडाने वंशावरून निवड करणे सोडले आणि पाच वर्षांनी गुणांची पद्धत आणली. पुढे ऑस्ट्रेलियानेही गुणांची परीक्षा ठेवली. जर्मनीने जून २०२४ पासून नोकरी शोधायला येणाऱ्यांसाठी 'संधीपत्र' काढले, तेही गुणांवरच मिळते.

आता हे गुण कसे मोजतात ते पाहू. कॅनडाच्या कुशल कामगार योजनेत एकूण १०० गुण असतात आणि ६७ मिळाले म्हणजे उत्तीर्ण. त्यांची वाटणी अशी : भाषेला २८, शिक्षणाला २५, अनुभवाला १५, वयाला १२, तिथली पक्की नोकरी हातात असल्यास १० आणि तिथे रुळण्यास उपयोगी पडणाऱ्या गोष्टींना १०. ह्या शेवटच्या दहांत नवराबायकोपैकी दुसऱ्याला इंग्रजी येत असल्याचे ५ आणि जवळचे नातलग तिथे कायमचे राहत असल्याचे ५ धरता येतात. नीट पाहा, सर्वांत मोठा वाटा पदवीचा नाही, भाषेचा आहे. आपल्याकडे मात्र पोराच्या पदवीवर लाखो रुपये खर्चणारे घर भाषेच्या परीक्षेला चार महिने द्यायला कां-कूं करते.

एक उदाहरण घेऊ. समजा, काशीदजवळच्या एखाद्या गावची मुलगी आहे. वय २७, बी. एस्सी. नर्सिंग, रुग्णालयात तीन वर्षे पूर्णवेळ नोकरी, अजून अविवाहित. पदवीचे २१, तीन वर्षांच्या अनुभवाचे ११, वयाचे पुरे १२, झाले ४४. इंग्रजीची आयएल्ट्स परीक्षा तिने दिली आणि ऐकणे, वाचणे, लिहिणे, बोलणे ह्या चारही अंगांत ६ श्रेणी मिळवली. त्याला कॅनडात सातवी पातळी म्हणतात, तिचे १६ गुण. एकूण ६०. म्हणजे सात गुणांनी नापास! तीच मुलगी आणखी सहा महिने झटली आणि ऐकण्यात ८, बाकी तिन्ही अंगांत ७ श्रेणी आणली, तर ती नवव्या पातळीला पोचते. भाषेचे १६ होते ते २४ होतात आणि बेरीज ६८ होते. शिक्षण तेच, अनुभव तोच, घर तेच, फरक फक्त भाषेचा.

पण श्रोतेहो, ६७ ही पहिली चाळणी झाली. दुसरी चाळणी तिच्याहून बारीक आहे. जानेवारी २०१५ पासून कॅनडाने उत्तीर्ण उमेदवारांची यादी ठेवून, १२०० गुणांच्या दुसऱ्या मापाने त्यांची क्रमवारी लावायला सुरुवात केली. वेळोवेळी फेरी निघते आणि वरच्या क्रमांकांना बोलावणे जाते. ह्या दुसऱ्या मापाने आपल्या नर्सताईचे गुण सातव्या पातळीवर ३३६ भरतात आणि नवव्या पातळीवर ४२९. एका परीक्षेने ९३ गुणांचा फरक! हे घडते कसे? चांगली भाषा असली म्हणजे तिचे स्वतःचे गुण मिळतातच, शिवाय पदवी आणि अनुभव ह्यांचेही जादा गुण पदरात पडतात. काम येते पण सांगता येत नाही, त्याची कदर कमी होते, हा जगाचा व्यवहार त्या गणितात उतरला आहे.

४२९ झाले म्हणजे तिकीट काढायला हरकत नाही, असे मात्र नव्हे. २०२४ साली सर्वसाधारण फेऱ्यांत पाचशेच्या वर गुण लागले होते. मग उपाय काय? एक, २०२३ पासून आरोग्यसेवा, बांधकाम-दुरुस्तीची कारागिरी, फ्रेंच भाषा अशा वर्गांसाठी वेगळ्या फेऱ्या निघू लागल्या, आपला वर्ग त्यांत बसतो का ते पाहावे. दोन, फ्रेंच शिकावे. इंग्रजीबरोबर फ्रेंचही सातव्या पातळीपर्यंत आली, तर आपल्या उदाहरणातल्या मुलीचे आणखी ६२ गुण वाढतात. तीन, तिथल्या एखाद्या प्रांताने आपल्या गरजेसाठी निवडले तर एकदम ६०० गुण मिळतात. आणि हेही ध्यानात असू द्या, की गुण मिळून प्रवेश झाला तरी नर्सला तिथे कामाला लागण्यापूर्वी त्या प्रांताची वेगळी नोंदणी करावी लागते. राहण्याची परवानगी आणि व्यवसायाची परवानगी ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

वयाचेही सांगून ठेवतो. दुसऱ्या मापात तिशीपासून वयाचे गुण दरवर्षी उतरू लागतात. 'बघू पुढच्या वर्षी' म्हणणाऱ्याचे गुण घरबसल्या कमी होतात. भाषा वाढवता येते, अनुभव वाढवता येतो, वय तेवढे मागे घेता येत नाही. म्हणून ज्याला जायचे असेल त्याने पंचविशीतच तयारीला लागावे.

आता अनुभवाविषयी थोडे, कारण आपल्या भागातली मुले इथेच घसरतात. काशीदला आता हॉटेले झाली, घरगुती निवासाच्या सोयी झाल्या. तिथे स्वयंपाकी म्हणून पाच-पाच वर्षे राबलेली मुले आहेत. कॅनडाच्या वर्गवारीत स्वयंपाकी हे कुशल काम धरले जाते, स्वयंपाकघरातला नुसता मदतनीस तसा धरला जात नाही. पण पगार रोख, नेमणुकीचे पत्र नाही, हजेरी मालकाच्या डोक्यात! मग पाच वर्षांचा अनुभव कागदावर शून्य होतो. म्हणून नोकरी लहान असो की मोठी, पगार बँकेत घ्यावा, पगाराची चिठ्ठी जपून ठेवावी आणि नोकरी सोडताना हुद्दा, तारखा, आठवड्याचे तास, पगार व कामाचे स्वरूप लिहिलेला दाखला घ्यावा. आठवड्याला ३० तास काम म्हणजे पूर्णवेळ, असे तिथे मोजतात. नुसते 'चालचलणूक उत्तम' एवढे लिहिलेला दाखला तिथे कामाचा नाही. शिक्षणाचे म्हणाल तर नुसत्या बारावीला त्या शंभरांत ५ च गुण आहेत, तेव्हा अशा मुलाने जमेल तसे पुढे शिकावे हे बरे.

ऑस्ट्रेलियाचे माप थोडे निराळे. २०२५ च्या नियमांप्रमाणे तिथे किमान ६५ गुण लागतात आणि वय ४५ च्या आत हवे. २५ ते ३२ ह्या वयाला सर्वाधिक ३० गुण आहेत. उत्तम इंग्रजीला २०, पदवीला १५. आणि एक गंमत ऐका. तिथे समाजभाषांची एक परीक्षा असते, तिच्यात इंग्रजीतून आपल्या भाषेत आणि आपल्या भाषेतून इंग्रजीत दोघांचे संभाषण समजावून द्यायचे असते. ती उत्तीर्ण झाल्यास ५ गुण मिळतात, आणि त्या भाषांच्या यादीत आपली मराठीही आहे. 'मराठी शिकून काय मिळणार?' म्हणणाऱ्यांना गुरुजींनी हे जरूर सांगावे.

आयटीआय झालेल्या मुलांनी जर्मनीकडे पाहावे. फिटर, इलेक्ट्रिशियन असा किमान दोन वर्षांचा सरकारमान्य अभ्यासक्रम, आणि थोडीतरी जर्मन किंवा बऱ्यापैकी इंग्रजी, ही पहिली अट. मग संधीपत्रासाठी ६ गुण हवेत. पस्तिशीच्या आतल्या वयाचे २, गेल्या पाच वर्षांत आपल्याच धंद्यातल्या दोन वर्षांच्या अनुभवाचे २, आणि जर्मन भाषेच्या बी-१ पातळीचे २. झाले सहा! मुंबईला आणि पुण्याला मॅक्समुल्लर भवनात ही भाषा शिकण्याची सोय आहे. मात्र संधीपत्र म्हणजे नोकरी नव्हे. ते नोकरी शोधण्याची एक वर्षाची मुदत देते, आणि तेवढ्या दिवसांचा खर्च आपल्यापाशी आहे हे आधी दाखवावे लागते.

पैशाचा विषय निघालाच आहे, तर सर्वांत महत्त्वाची गोष्ट सांगतो. ह्या किनाऱ्यावर जमिनीला आज सोन्याचा भाव आहे. नारळी-पोफळीची वाडी एकदा गेली की ती पुन्हा हाती येत नाही. आणि पोराला परदेशी पाठवायचे म्हणून वाडी गहाण टाकायला लावणारे दलाल गावोगाव फिरतात. त्यांच्यासाठी चार गोष्टी पक्क्या ध्यानात ठेवा. पहिली, आपले गुण आपणच कागद-पेन्सिल घेऊन मोजता येतात. कॅनडाच्या यादीत नाव नोंदवायलाही पैसे पडत नाहीत. दुसरी, गुण देणे कुठल्याही दलालाच्या हातात नाही, तेव्हा 'हमखास काम करून देतो' म्हणणारा खोटे बोलतो. तिसरी, खोटा दाखला जोडला आणि उघडकीस आला, तर कॅनडा पाच वर्षे अर्जाचे दार बंद करते. दाखला दलालाने आणला, ही सबब चालत नाही. चौथी, तिथे गेल्यावर सुरुवातीला राहण्यापुरती रक्कम दाखवावी लागते, एकट्या माणसाला २०२५ साली ती पंधरा हजार कॅनेडियन डॉलरच्या वर होती. ती स्वतःची हवी. चार दिवस उसनी घेऊन खात्यात दाखवलेली चालत नाही.

आखातात नोकरीला जाणाऱ्यांनी तर आपल्या परराष्ट्र खात्याकडे नोंदलेल्या भरती एजंटाकडूनच जावे. नियमाप्रमाणे त्याला उमेदवाराकडून ३०,००० रुपये आणि वरचा कर, ह्याहून अधिक सेवाशुल्क घेता येत नाही. पावती मागावी. पावती द्यायला जो टाळाटाळ करतो, त्याच्या दारातून परत फिरावे.

शिक्षक बंधुभगिनींना दोन शब्द. दहावीच्या दाखल्यावरचे नाव, जन्मतारीख आणि आधार-पासपोर्टवरचे नाव ह्यांत एका अक्षराचा फरक असला तरी पुढे महिने जातात. शाळेतच ते तपासून घ्या. आणि इंग्रजी शिकवताना ऐकण्या-बोलण्याला रोज दहा मिनिटे द्या. आपली मुले वाचतात, लिहितात, पण ऐकून समजण्यात आणि उभे राहून बोलण्यात मागे पडतात. वर पाहिलेल्या उदाहरणातल्या मुलीलाही सर्वांत मोठी मजल ऐकण्यातच मारायची होती.

जावे की न जावे, हे ज्याचे त्याने ठरवावे. इथे राहून वाडी-मासेमारी सांभाळणाऱ्याचे मोल कमी नाही. पण जायचेच असेल तर क्रम असा असू द्या : आधी गुण मोजा, मग भाषेची परीक्षा द्या, मग पदवीची परदेशी पडताळणी करून घ्या, मग अर्ज करा. भाषेचा निकाल दोन वर्षे आणि पडताळणी पाच वर्षे चालते, तेव्हा फार आधी काढून ठेवण्यातही अर्थ नाही. नियम बदलत असतात, म्हणून अर्जाच्या दिवशी त्या त्या सरकारचे अधिकृत पत्रक पाहावे. आणि गुणांची बेरीज पुरेशी भरत नाही तोवर वाडीच्या सात-बाऱ्याला हात लावू नये.